योनाच्या सावलीचे झाड

रविवार, संध्याकाळ. सौंसर.

सकलकोशपारंगत, शब्दार्थमार्तंड, नारिंगवनभूषण अस्मादिक आज सपशेल हरले. आणि हरून प्रसन्न आहेत. शमुवेल मास्तर आजारी आईसाठी बायबलातील योनाची कथा वऱ्हाडीत उतरवीत आहेत. योनाला सावली देणारे हिब्रू 'कीकायोन' म्हणजे काय? शब्द केवळ त्याच कथेत येतो. कोश म्हणतात, बहुधा एरंड. क्वचित भोपळ्याचा वेल. मी मास्तरांना फोनवर एरंड सांगणार, तोच सौभाग्यवतींनी हटकले.

"कथेत ते झाड वाळते न?"

"कीड लागून, एका पहाटेत."

"मंग एरंड काहून सांगून राहिले, पंडित? मास्तरच्या म्हातारीच्या खाटेवर अंगणातल्या एरंडाचीच सावली हाये!"

एरंडाची सावली... कोणत्या कोशात होती ती? मास्तरांना भोपळा कळविला. परंतु आज ताटातही भोपळाच का, हे कोणी सांगेना.