साबणाच्या डबीतली बेल

५ जानेवारी २०२५, रविवार

आलो बुवा एकदाचा नाशकात. पाथर्डी फाट्याजवळ तळमजल्याच्या दोन खोल्या, पुढे गेटपाशी जास्वंद. वर घरमालकीण सविताताई राहतात, शाळेत शिकवतात. किल्ली देताना म्हणाल्या, की दाराची बेल सहा महिने बंद आहे, वायरमन येतो, मान हलवतो आणि जातो. झालं! सामान टेम्पोतच आणि मी मल्टिमीटर काढून दारात.

देवळ्याच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून एकतीस वर्षं पोरांना एकच सांगत आलो. बिघाड शोधायचा तर आधी सप्लाय बघ, मग बटण, मग वायर, शेवटी बेल. लोक उलटं करतात, आधी बेलच फोडतात. इथे बटणाच्या पत्तीवर हिरवा गंज होता. पॉलिश पेपरनं घासला, टिंगटाँग! सविताताईंनी खूश होऊन पोहे दिले. पुण्याहून मोहिनीचा फोन आला. लेक माझी, तिला लगेच कळलं. म्हणाली, अप्पा, नव्या घरात देवाआधी स्क्रूड्रायव्हर बाहेर काढलात ना?

७ जानेवारी

सामान लागलं. बाहेरच्या खोलीत टेबल, त्यावर सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि ती साबणाची डबी.

डबीत बझर आहे. अर्धांगानं माझी बायको आशा दोन वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा मी तिच्यासाठी केला होता. नऊ व्होल्टची बॅटरी, लांब वायर, तिच्या उशाशी बटण. एकदा वाजलं की पाणी. दोनदा वाजलं की कूस बदलायची. आणि लांबलचक वाजलं की काही नको, नुस्ता ईसन बस, नुसता येऊन बस. ही तिसरी खूण तिनंच ठरवली होती, आणि लबाड सगळ्यात जास्त तीच वाजवायची.

तिला जाऊन अकरा महिने झाले. मोहिनी म्हणते टाकून द्या. नाही टाकवत. वायर आता वीतभरच उरली आहे. मीच कापली. का, ते पुन्हा कधीतरी.

वरण अजून दोघांपुरतंच होतं. मेलं माप काही सुधरत नाही.

९ जानेवारी

दुपारी जरा डोळा लागला होता. सव्वातीनला डबी वाजली. एकदाच, लांब.

मी 'आलो गं' म्हणत उठलोसुद्धा. मग खोलीच्या मधोमध उभा राहिलो, वेड्यासारखा.

बॅटरी आतच राहिली होती. वायरीची उघडी टोकं एकमेकांना लागली असणार. दोन्हींना वेगवेगळी टेप गुंडाळली. साधा शॉर्ट होता, दुसरं काय.

१२ जानेवारी

काल वाजली, परवाही वाजली. बरोबर सव्वातीनला, लांब. आज बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि समोर बसून राहिलो.

वाजली.

यात कपॅसिटर नाही, साठवलेली वीज असायला. भिंतीतल्या वायरीचा काही परिणाम असेल. उद्या मेन स्विच पाडून बघतो. बिघाड म्हटला की कारण असतंच. या पुंजारामनं आजवर एक बिघाड सोडलेला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सविताताई तिळगूळ देऊन गेल्या. दुसरं कोणी येणार? गावात असतो तर दाराला उसंत नसती. एक वडी आशाच्या फोटोपुढे ठेवली.

मेन स्विच काल पाडला, आजही पाडला. दोन्ही दिवस वाजली.

मोहिनीचा फोन नेमका तेव्हाच आला. सणाला आईची आठवण येते म्हणाली. पुन्हा तोच प्रश्न, शेवटी तिला त्रास नाही ना झाला? मी पुन्हा तेच सांगितलं, झोपेत गेली, कळलंसुद्धा नाही. फोन ठेवला आणि डबी पेटली. हो, पेटलीच म्हणायची. थांबेचना. उशीखाली कोंबली तरी कानात.

वायर मोजली. वीतभर होती. आज हातभर भरली. वर टेपही नाही. मापात मी चुकत नाही.

१६ जानेवारी

दुपारभर घरी थांबायचंच नाही असं ठरवलं. फाट्यावर चहा, मग बागेतल्या बाकावर बसलो. ओळखीचं एक तोंड नाही. पाचला परतलो तर सविताताई जिन्यात उभ्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, काका, तुमच्याकडे कोणी आजारी माणूस आहे का? तासभर बेल वाजतेय, मी दार ठोठावलं, कोणी बघायला नको का त्या माणसाला?

मी म्हणालो, बिघाड आहे.

त्या म्हणाल्या, मग आत कण्हत कोण होतं?

१८ जानेवारी

वायर टेबलावरून खाली उतरली आहे. उंबरा ओलांडून आतल्या खोलीत, माझ्या खाटेच्या पायापर्यंत. कापली. सकाळी पुन्हा अखंड, सांधासुद्धा नाही.

सप्लाय बघितला. वायर बघितली. बेल बघितली. बटण तेवढं बघायचं राहिलं, आणि बटण कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

लिहून टाकतो. मोहिनी, तोंडानं जमलं नाही तर हे तरी वाच.

त्या दिवशी मी अंगणात शेजारच्यांचा रेडिओ दुरुस्त करत होतो. मीटरची बॅटरी उतरली. नऊ व्होल्टची दुसरी घरात एकच होती, डबीत. आशा जागी होती, मला काढताना बघत होती. पाच मिनिटमा येस, पाच मिनिटांत येतो, असं तिला म्हणालो आणि बॅटरी घेऊन गेलो. रेडिओत गोडी लागली गं. पाऊण तास गेला. आत आलो तेव्हा सव्वातीन. तिचे डोळे दाराकडे. अंगठा बटणावर इतका घट्ट, की सोडवेना. तुम्ही सगळे यायच्या आत मी वायर कापली, बॅटरी डबीत परत घातली आणि मूठ शालीखाली झाकली. बटण तिच्याबरोबर चितेवर गेलं.

झोपेत नाही गेली तुझी आई. मला बोलावत गेली.

उद्या तू येणार आहेस, चारला पोचणाऱ्या बसनं. तोंडानं सांगेन, देवाशपथ. डबीत बॅटरी परत घातली आहे. वाजू दे तिला. आता येऊन बसतो.

१९ जानेवारी, रविवार

दोन वाजले. छातीत दुखतंय. पित्त असेल.

अडीच. पित्त नाही. डावा हात जड झालाय. आडवा झालोय, वही पोटावर. मोबाईल बाहेर चार्जिंगला. उठवत नाही. हाक मारली, सविताताई रविवारच्या बाजारात असतील —

तीन. वायर खाटेवर आली आहे. उशाशी. टोकाला बटण. काळं, एका बाजूनं वितळलेलं. कोमट आहे.

मोहिनी पोचेल. चारला. तोवर —

दाबलं. वाजलं नाही.

आधी सप्लाय बघ. इथून दारातून टेबल दिसतं. डबी उघडी आहे. बॅटरी नाही. काल मीच घातली होती, मीच —

बाहेरच्या खोलीत मीटर वाजतोय. टिक. टिक. कोणीतरी काहीतरी तपासतंय. सावकाश. गोडी लागल्यासारखं.

आशा. आशा गं. काही नको, नुसती येऊन —

दाबतोय. अंगठा निघत नाही. डाव्या हातानं लिहितोय —

बोलली. माझ्याकडे न बघता. पाच मिनिटमा ये