मशीनचा आवाज बंद केला तवा

सौ. सारजास,

वाळूजहून सूर्यभानला तुझी लई आठवण येती. मी बरा हाय. पोरीचा खोकला गेला का?

झोपेत श्वास अडू नये म्हणून डॉक्टरनं दिलेली मशीन लई घरघरायची. खोलीतल्या भिकनची झोप मोडायची. म्हणून ती घोंगडीच्या घडीवर ठेवली, मास्कचा पट्टा आवळला. आवाजच गेला.

मग भिकनच घाबरला. "जिता हायेस का, कळंना," म्हणाला. माझ्या छातीवर हात ठेवून बघायचा.

मागल्या हप्त्यात एकदा रातपाळी करून दुपारी झोपलो, तवा छातीवर गार हात टेकला. मी डोळे मिटूनच म्हणलं, "जिता हाय रं." हात निघाला.

संध्याकाळी भिकन म्हणाला, "मी तर दिवसभर कंपनीत व्हतो."

दाराला आतून कडी व्हती.

घोंगडी काढली. आता भिकन बी घरघरीत गुमान झोपतो. पाचोडला येताना मशीन आणतो. तुझी झोप मोडंल, पण आवाज कमी करा म्हणू नको.

तुझाच,
सूर्यभान