साडूसाठी सोळा टीबी

३ ऑक्टोबर २०१८, बुधवार

कम्प्युटर सुरू करताना आतून घरघर आली. बंद केला, पुन्हा सुरू केला. बरा झाला. तरी काळजी लागलीच, कारण ‘वेळ आल्यावर’ नावाचं फोल्डर आत आहे.

फोल्डरात माझा साडू आहे. वासुदेवराव, तुमसरवाला. परसाल बपेऱ्याला, सासुरवाडीच्या धानाच्या बांधीत, रोवणा म्हणजे लावणी चालू असताना हा पांढरी पँट घालून बायांना रोवणं शिकवायला उतरला आणि बदकन चिखलात बसला. डोळ्यांत चिखलाचा गारा, डोक्यावर रोपांची जुडी! मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोबाईल धरून उभा. देवानंच उभं केलं होतं. तो मोबाईल पुढे एक्स्चेंजमध्ये गेला. म्हणजे जगात ही एकच प्रत.

रोज चहासोबत पाहतो. साडूचं तोंड झूम करून, आवाज बंद करून. बायकोला, रीताला, ऐकू गेलं तर ती येऊन बसते.

याच माणसानं सासरेबुवांच्या पंचाहत्तरीला माईक हातात घेऊन सांगितलं होतं, आमच्या जागेश्वररावच्या कम्प्युटरात पत्त्यांशिवाय काय बी नाही. अख्खा मांडव हसला. तेव्हापासून बपेऱ्यात मी ‘पत्तेवाले जवाई’. शेंबडी पोरंसुद्धा म्हणतात.

यंदा दिवाळीनंतर अड्याळच्या मंडईला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, सगळी सासुरवाडी माझ्या घरी जेवायला येणार. भिंतीवर प्रोजेक्टर लावीन. थांब लेका. तोवर पुरावा सुरक्षित पाहिजे. एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेणार. उद्याच.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

काल पाठ दुखली. आज भंडाऱ्याला धनंजयच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, काकाजी, घरच्या कम्प्युटरले एक टीबी लय झाली. काळी, नाजूक, कंपनीची, तीन वर्षांच्या गॅरंटीची. घेणारच होतो. तेवढ्यात तो म्हणाला, तुमच्या साडभाऊनं बी हेच नेली.

झालं. खिशात घातलेला हात तसाच बाहेर काढला. साडूची एक टीबी आणि माझीही एक टीबी? पुन्हा मांडवात हसं करून घेऊ?

८ ऑक्टोबर, सोमवार

साडूचा फोन! म्हणाला, साडभाऊ, मी चिखलात पडलो त्या रोजचा व्हिडिओ तुमच्यापाशी हाय म्हणते. मले पाहिजे होता जी. आवाज एकदम मऊ. टरकलाय बेटा. पुरावा नष्ट करायला मागतो आहे, हे न समजायला मी दूधखुळा नाही. तो पुढे म्हणाला, त्यात मामाजी... मी म्हटलं, ऐकू येऊन नाही राहिलं, आणि फोन ठेवला.

रीता म्हणाली, काहून देऊन नाही टाकत? आमचे बाबा हायत ना त्यात, धुऱ्यावर खुर्ची टाकून बसले. महिन्याभरात तर गेलेच ते. मले बी एकदा धड पाहू द्या.

मी म्हटलं, वेळ आल्यावर.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

नागपूर. रस्त्यावरच्या एका ठेल्यावर सोळा टीबी मिळाली. सोळा! धनंजयच्या एक टीबीच्या निम्म्या भावात. रंग लाल. ठेलेवाला हिंदीत म्हणाला, अंकल, सात पुश्तों को काफी है. बिल मागितलं तर हसला. माणूस दिलखुलास वाटला.

रीतानं हातात घेतली आणि म्हणाली, कायची हलकी हाय जी ही, आत काही हाय का नाही? बायकांना टेक्नॉलॉजी वजनावर मोजायची सवय.

१८ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजेला पाटावर विळा, कुऱ्हाड, पाना आणि मध्ये हार्ड डिस्क मांडली. हळदकुंकू वाहिलं. थोडं कुंकू वायरच्या भोकात गेलं, ते टूथपिकनं काढलं. मनात साडूचं नाव घेतलं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

बॅकअप. पहिला मान ‘वेळ आल्यावर’ला. मग भजनं, पिक्चर, शेजारच्या मधुकररावकडची लग्नाची सीडी, शेवटी फोटो. जागा भरपूर आहे, तर कंजूषपणा कायला? हिरवी पट्टी दिवसभर सरकत होती. जेवणही तिथंच केलं.

शेवटी चढलेला फोटो उघडून पाहिला. माझा निवृत्तीचा सत्कार. फर्स्टक्लास दिसतो. रीता म्हणाली, बाबांचा बी उघडून पाहा ना. मी म्हटलं, शितावरून भात कळतो का नाही? ती उठून आत गेली. हल्ली लवकर उठून जाते.

३० ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा साडू. मंडईच्या दोन दिवस आधी येतो म्हणतो, मुक्कामी. वर उपदेश की हार्ड डिस्क घेतली तरी कम्प्युटरातलं मिटवू नका, साडभाऊ. दोन जागी राहू द्या.

वा रे वा! कम्प्युटरात राहू द्या म्हणजे मी आंघोळीला गेलो की हा डिलीट मारणार. दोन दिवस आधी येण्याचं कारण आत्ता कळलं. एवढा सरळ डाव मला कळू नये? मी हेडक्लार्क होतो, शिपाई नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार

कम्प्युटर फॉरमॅट केला. शंका नको म्हणून दोनदा. नवीन विंडोज टाकली. आता बस म्हणावं शोधत. हार्ड डिस्क रीताच्या ब्लाऊजपीसच्या पिशवीत, पिशवी धानाच्या कोठीत, कोठीची किल्ली माझ्या करदोट्याला.

५ नोव्हेंबर, धनत्रयोदशी

भाषण तयार. ‘मंडळी, काही लोक म्हणतात माझ्या कम्प्युटरात फक्त पत्ते आहेत. आज पाहूया काय काय आहे.’ मग तीन सेकंद थांबायचं. मग बटण. आरशासमोर करून पाहिलं. थांबताना माझं तोंड जरा जास्तच हसरं होतं, ते आवरायला पाहिजे.

९ नोव्हेंबर, भाऊबीज

साडू आला. सोबत सासूबाईंना घेऊन आला, बपेऱ्याचा वळसा घालून. कम्प्युटरजवळ फिरकलाही नाही. पक्का आहे.

११ नोव्हेंबर, रविवार. मंडई

भिंतीला पांढरा चुना मारून घेतला. प्रोजेक्टर आला. पाहुणे जेवले. मंडईतल्या नाटकाला जायच्या आधी, दिवेलागणीला कार्यक्रम. साडू पहिल्या रांगेत, सासूबाईंच्या शेजारी. आज सगळं चुकतं करतो. जातो.

१२ नोव्हेंबर, सोमवार

भाषण चांगलं झालं. तीन सेकंद थांबलो. बटण दाबलं.

फाईलचं नाव होतं. फाईल उघडेना. पुन्हा दाबलं. मग दुसरी, मग तिसरी. भजनं उघडेनात. शेवटी एक उघडलं आणि चुन्याच्या भिंतीवर, कमरेपासून वर, मी आलो. शाल, नारळ, निवृत्तीचा सत्कार. पाहुण्यांत कोणीतरी टाळी वाजवली, मग ती थांबली.

धनंजयला फोन केला. तो म्हणाला, काकाजी, त्या लाल डब्यात नखाएवढं मेमरी कार्ड राह्यते, सोळा नुसतं वरून लिवलेलं. भरलं का आधीचं खोडून त्याच्यावरच लिवते. पण कम्प्युटरात तर असंलच ना? मी म्हटलं, दोनदा फॉरमॅट मारला.

कोणीच हसलं नाही. साडूसुद्धा नाही. मी त्याच्या हसण्याची वाट पाहत होतो, म्हणजे निदान भांडता आलं असतं. तो उठून सासूबाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसला. म्हणाला, मामीजी, मी पडलो ना, तवा मामाजी खो-खो हासले होते. बिमारीत पहिल्या वक्ती. मले फक्त आवाज आला जी, डोळ्यात गारा होता. म्हून साडभाऊले व्हिडिओ मागत होतो. तोंड पाहाचं होतं त्यायचं. मग त्यानं तसं हसून दाखवलं. बारीक सुरू होणारं आणि शेवटी खोकल्यात अडकणारं. रीता धावत स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, जवाई, तुमी त रोज पाहत होते म्हणते रीता. तुमी सांगा ना जी. हासताना कसे दिसत होते? तोंडावर दुपट्टा धरला होता का त्यायनं? ते नेहमी धरत.

मी आठवून पाहिलं. साडूची पँट आठवली, जुडी आठवली, मिशीवरचा चिखल आठवला. खुर्ची कोपऱ्यात होती. झूम केल्यावर ती दिसत नव्हती.

हो, धरला होता, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, कोन्ता? मी म्हटलं, पांढरा. त्यांनी मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. पांढरा दुपट्टा बाबांकडे नव्हताच, हे रीतानं मला आज सकाळी सांगितलं.

नाटकाला कोणी गेलं नाही. आज दुपारी पाहुणे निघाले. साडूची एसटी उशिरा होती, म्हणून तो माझ्याजवळ येऊन बसला. पाहू द्या साडभाऊ तुमचा कम्प्युटर, म्हणाला. सुरू केला. अगदी साफ, घरघरही नाही. तो शोधत राहिला. मीही शोधत राहिलो.

आत पत्त्यांशिवाय काहीच नव्हतं. त्याची गाडी येईपर्यंत तेच खेळलो.