एकाच पत्र्याची तीन नावे आणि अडलेली टाकी

प्रति,
मा. भांडार तपासणी अधिकारी,
सरकारी रुग्णालय.

विषय: डायलिसिस विभागाची स्टेनलेस टाकी केवळ नावावरून अडवून न ठेवणेबाबत.
संदर्भ: टाकी नाकारल्याची आपली आजवरची सर्व पत्रे.

महोदय,

१. मी टाक्या बनवणारा वेल्डर. आपल्या मागणीपत्रात १.४४०४ दर्जाचा पत्रा लिहिला होता. हे युरोपच्या मानकातले नाव. बाजारात हाच माल अमेरिकी नावाने, ३१६एल म्हणून मिळतो, आणि जपानी कारखान्याचा असला तर एसयूएस ३१६एल म्हणून. तिन्ही मानकांच्या मर्यादा तंतोतंत जुळत नाहीत, निकेल-क्रोमियम थोडे मागेपुढे होते, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी टाकीच्या पत्र्याचा तुकडा प्रयोगशाळेतून तपासून आणला. त्याचे आकडे तिन्ही मर्यादांत बसतात. तरीही शेरा आला की मागणीतील नाव आढळून येत नाही.

२. हे सोपे करून सांगावे म्हणून मी पुढच्या अर्जात लिहिले की माझी बायको माहेरी आत्या, सासरी वहिनी आणि गल्लीत काकू आहे, म्हणून माझ्या घरात तीन बायका होत नाहीत. त्यावर आपल्या कार्यालयाने सदर तीन महिलांचा या कामाशी असलेला संबंध स्पष्ट करण्यास कळवले. ते पत्र माझ्याआधी बायकोच्या हाती पडले. पुढे काय झाले ते येथे नमूद करीत नाही.

३. नंतर मी कारखान्याकडून युरोपी आणि अमेरिकी अशी दोन्ही नावे छापलेला दाखला आणला. असे दाखले कारखाने नेहमी देतात. तो पाहून आक्षेप निघाला की एका पत्र्याला दोन नावे ही संशयास्पद बाब आहे. सबब टाकीचा कोणता भाग कोणत्या नावाचा, हे खडूने आखून द्यावे. मी कपाळाला हात लावला. तरी खडू घेऊन टाकीभोवती एक फेरी मारलीच, कारण गरज मला आहे. आपले तपासनीस माणूस म्हणून वाईट नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, मला पटतंय हो. पण मला पटून काय उपयोग? फाइलीत बसायला हवं ना."

४. शेवटच्या तपासणीत लोहचुंबक लावले गेले. ते वेल्डिंगच्या शिवणीला जरासे ओढले गेले. शिवणीत इतके होतेच, त्याने पत्रा खोटा ठरत नाही. परंतु "टाकी अंशतः लोखंडी" असा शेरा पडला आणि टाकी रुग्णालयाच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली गेली. जुनी टाकी गळकी, नवी अडकलेली. शुद्ध पाणी साठवायला जागा नाही म्हणून डायलिसिसची यंत्रे बंद आहेत.

५. आता खरे कारण लिहितो. त्या यंत्रांवर माझी थोरली बहीण येत असे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. यंत्रे बंद झाल्यापासून ती बस बदलत दुसऱ्या गावच्या रुग्णालयात जाते. येताना तिला धरून उतरवावे लागते. एक खेप चुकली की पाय सुजतात, आणखी चुकली की श्वास पुरत नाही. मला राग येतो, साहेब, आणि तो कोणावर काढावा हेही कळत नाही, कारण टाकी मीच बनवली आहे.

६. काल तिची खेप होती. तिने चपला घातल्या, दारापर्यंत आली आणि परत जाऊन खाटेवर बसली. म्हणाली, "नाही रे होत आता बसने. तुझी टाकी पास झाली की मला सांग, तेव्हा येईन."

७. तरी टाकीवर आपणास योग्य वाटेल ते नाव लिहावे. लोखंडी लिहिलेत तरी मी हरकत घेणार नाही. मात्र तिच्यात पाणी आज सोडावे. उद्याच्या तारखेचा हुकूम मला नको.

आपला नम्र, मेटाकुटीला आलेला,
(सही)
टाकी बनवणारा

दिनांक: आजचा