‘घरी ये, बर्नार्ड’ हे गाणे आणि माझ्या मागे राहणाऱ्या इतर वस्तू

मी, ट्रेव्हर हॅरल्ड ब्लँचर्ड, वय सत्त्याहत्तर, राहणार हल, इंग्लंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे. दबाव कोणाचा नाही, आणायला घरात दुसरे कोणी नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी पुतणी जॅनिस हिला. माझा थोरला भाऊ बर्नार्ड याची ती मुलगी. तो गेला तेव्हा ती पोटात होती.

२. लाल गिटार नॉर्मन सडबी, आमच्या बँडचा ड्रमर, याला. त्याला ती वाजवता येत नाही हे मला ठाऊक आहे. माझी शिडीही त्याच्याकडेच राहू द्यावी; मात्र ती माझी होती एवढे त्याने चारचौघांत कबूल करावे.

३. गाणे मी कोणाला देऊ शकत नाही. हक्क रेकॉर्ड कंपनीकडे आहेत. निदान शेवटचे हसणे तरी काढून टाकता येईल का, असे वकीलबाईंना विचारले. त्या चांगल्या आहेत. नाही म्हणायला त्यांना वेळ लागला.

जॅनिसला अर्धेच माहीत आहे, म्हणून उरलेले लिहितो. १९६३च्या फेब्रुवारीत आम्ही लंडनला अल्बम करत होतो आणि एक गाणे कमी पडले. मॅनेजर पिंडर म्हणाला, काहीही चालेल, फक्त जलद हवे. बर्नार्डला नाचता येत नसे. नाचाची वेळ झाली की त्याचे बूट चावू लागत. त्यावरून मी त्याची थट्टा करणारे एक गाणे रचले होते: घरी ये, बर्नार्ड, नाच सुरू झाला. तो तेव्हा आइसलँडजवळ मासेमारीच्या जहाजावर होता.

ते गाणे रेकॉर्ड करत होतो त्या दुपारी स्टुडिओच्या ऑफिसात फोन आला. पलीकडे आमची शेजारीण होती. जहाजावर बर्फ साचून ते उलटले होते. कोणी सापडले नव्हते. पिंडरने फोन ठेवला, आत आला आणि म्हणाला, आता एकदाच नीट घेऊ. त्या खेपेला नॉर्मनच्या हातून काठी उडाली आणि गाण्याच्या शेवटी मला हसू फुटले. ते सगळ्यांना आवडले, तसेच ठेवले. मग पिंडरने मला जिन्यावर बसवून सांगितले.

“आधी का नाही सांगितलंत?” मी विचारले.

“सांगितलं असतं तर गायला असतास का?” तो म्हणाला. “आणि न गाऊन तो परत आला असता का, पोरा?”

पिंडर आता मेला आहे. त्याला क्षमा केली असे इथे लिहायचे होते. ते खोडले आहे.

अल्बममधले तेच एक गाणे चालले. लग्नांत वाजते. खाटकाच्या दुकानात रांगेतले लोक मला बघून ती ओळ म्हणतात, अगदी प्रेमाने. घरी रेडिओवर लागले की मी बंद करायला उठायचो.

“राहू दे,” आई म्हणायची. “त्याचं नाव दुसरं कोण घेतंय एवढ्या मोठ्यानं?”

ती आवाज वाढवायची. मी मागच्या अंगणात कोळशाच्या खोलीकडे तोंड करून उभा राहायचो. त्यानंतर ते बंद करा असे कोणाला सांगण्याची सोय उरली नाही.

४. माझ्या अंत्यविधीला ते वाजवावे की नाही, हे मी ठरवत नाही. माझे कोणी ऐकेल असे वाटत नाही.

५. कपाटात वरच्या खणात एक टेप आहे, ती जॅनिसला. रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाने निवृत्त होताना मला दिली. त्या शेवटच्या खेपेला गाण्याआधी झालेले बोलणे तिच्यात राहिले आहे. तो विचारतो, हा बर्नार्ड कोण? मी म्हणतो, “माझा थोरला भाऊ. गुरुवारी घरी येतोय. त्याच्यासमोरच वाजवू, मग बघा कसा चिडतो.” पिंडर तेव्हा फोन ठेवून येऊन स्टुडिओच्या काचेपलीकडे उभा असणार.

जिवंतपणी मला ही तिच्या हातात देववली नाही. तिने एकटीने ऐकू नये. त्या बोलण्याला लागूनच गाणे सुरू होते. मध्ये थांबवायला जागा नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

सही: ट्रेव्हर एच. ब्लँचर्ड

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली:
ग्लेनिस आर्डली, शेजारीण
डेरेक पूल, निवृत्त पोस्टमन

हल, ९ ऑक्टोबर २०१९