बत्तीसच्या खाली

४ फेब्रुवारी

बाबांनी आज पुन्हा पाणी थुंकलं. पाणी तरी कसलं — पावडर घालून मधासारखं केलेलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून साधं पाणी बंद आहे. गिळताना फुप्फुसात उतरतं. दोनदा न्यूमोनिया झाला. तिसरा झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

झटक्यात शब्द गेले, आकडे राहिले. पेला ओठांना लावला की म्हणतात, "दीडशे."

दादा म्हणतो, "लॉटरीचा नंबर सांगतायत. लावून बघ एकदा."

५ फेब्रुवारी

गिळायला शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये ते दाट पाणी भरलं, खालच्या टोकावर धरलेलं बोट सोडलं आणि किती वेळात किती उतरतं ते घड्याळावर पाहिलं. बाबांचे डोळे सिरिंजवर. ओठ हलत होते — मोजत होते. जन्मभर हेच केलं त्यांनी, प्रयोगशाळेत, तेलावर. आज मी तिथेच, त्यांच्याच टेबलावर बसते.

बाईंनी विचारलं, "काका, मला मार्क किती?"

"दीडशे."

"शंभरापैकी दीडशे? मी शाळेत असताना कुठे होतात तुम्ही?"

बाई हसल्या. बाबा नाही.

६ फेब्रुवारी

ते व्हिस्कॉसिटी सांगतायत. पाणी किती दाट हवं ते.

७ फेब्रुवारी

पावडर प्रयोगशाळेत नेली. थोडी थोडी घालत, मोजत, बरोबर दीडशे सेंटीस्टोक केलं — दाटपणा आम्ही त्यात मोजतो. थर्मासमधून घरी आणलं. एक घोट. थुंकलं. "दीडशे!" — या वेळी रागाने. चादर बदलली.

दादा दारात उभा होता. "तू त्यांना पाजतेयस की त्यांची परीक्षा घेतेयस? नाकातून नळी घालू. सुटू सगळे. तेही सुटतील."

त्याचंही बरोबरच आहे.

११ फेब्रुवारी

जुनी अमेरिकन मापं मेट्रिकमध्ये करून द्यायचं काम आलंय. चौरस फूट दर सेकंद असेल तर सोपं — ९२,९०३ ने गुणलं की सेंटीस्टोक. जुन्या सेकंदांचं तसं नाही. भांड्याच्या तळाच्या भोकातून ठरावीक तेल गळून जायला जितके सेकंद लागतात, तेच तेव्हा दाटपणाचं माप. त्याचा सरळ गुणाकार होत नाही. तक्ता बघावा लागतो.

दुपारी एका पंपाची पाटी आली. तेलाच्या दाटपणासमोर नुसतं "१५०". पुढे एकक नाही. तेव्हा सगळेच सेकंदात बोलायचे, लिहायची गरज कुणाला? मी सवयीने पुढे सेंटीस्टोक लिहिलं. मग थांबले. एवढ्या दाट तेलात तो पंप जागचा हलला नसता.

तक्ता काढला. दीडशे सेकंद म्हणजे बत्तीस सेंटीस्टोक.

पेन खाली ठेवलं. बाबांचे दीडशेही सेकंदच. बाबांना मी जवळजवळ पाचपट दाट पाजत होते.

१२ फेब्रुवारी

बत्तीसचं केलं. बाई म्हणाल्या, "मी हे सांगितलेलं नाही. धोका आहे, लक्षात ठेवा." बाबा अर्धा पेला प्यायले. ठसका लागला. ओसरला. माझ्याकडे बघितलं, कामावर हाताखालच्यांकडे बघायचे तसं. उशिरा का होईना, बरोबर.

मग म्हणाले, "साठ."

१३ फेब्रुवारी

साठ सेकंद म्हणजे दहा सेंटीस्टोक. मी नाही म्हटलं.

त्यांनी तोंड मिटून घेतलं.

१७ फेब्रुवारी

ताप. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, "आता बरं करण्यासारखं काही हातात नाही. नळीने महिनाभर निघेल फार तर." नळी घातली. दुपारी बाबांनी ती ओढून काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

दादा खाटेशी बसला. "बाबा, थोडं ऐका की हो."

"चाळीस," बाबा म्हणाले.

"हे काय चाललंय?" त्याने मला विचारलं. मी सांगितलं — दर वेळी आणखी पातळ मागतात.

"म्हणजे घासाघीस करतायत," तो म्हणाला. हसला मात्र नाही. नळी गुंडाळून पिशवीत टाकली.

१९ फेब्रुवारी

ओठ फुटलेत. ओला कापूस फिरवते. तो चोखतात.

काम चालू आहे. पाट्या येतात, मी तक्ता बघते. कशासाठी, कोण जाणे.

२० फेब्रुवारी

सकाळी बाबा स्पष्ट म्हणाले, "एकतीस."

तक्ता बत्तीस सेकंदांपासून सुरू होतो. त्याच्या खाली तेल नसतं. पाणी असतं.

मी विचारलं, "बाबा, साधं पाणी? काय होईल माहीत आहे ना?"

"एकतीस."

दादाला सांगितलं. त्याने पावडरीच्या डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठला आणि नळाखाली पेला धरला.