एप्रिलमध्ये न दिसलेली वाट

१ जुलै, मंगळवार

१. ऑफिसने मिरजोळ्याच्या कडेला एका ओळीत नऊ प्लॉट पाडले. मोजणी माझी, नकाशा माझा.
२. मे महिन्यात चारी बाजूंनी चिऱ्याची भिंत झाली.
३. भिंतीच्या वरच्या अंगाला चिमाकाकूंचं घर आणि भाताची रोपं. खाली त्यांचं खाचर.
४. मधली वाट बंद. रस्त्याने वळसा १.८ किलोमीटर, त्यातही वहाळ आडवा. पाणी कमरेएवढं.
५. नकाशात वाट नव्हती.

२ जुलै

साइटवर गेले. घर ते खाचर, सरळ — २१० मीटर. पुन्हा मोजलं. २१०.

काकू आणि त्यांची सून मालन भिंतीपाशी उभ्या होत्या.

"काय गो बाय, तुझ्या यंत्राला वाट दिसली नाय?"

म्हटलं, एप्रिलमध्ये ड्रोन उडवला, तेव्हा वाट नव्हती. काकू हसल्या. "एप्रिलात कशी असेल? तेव्हा सगळा मळाच वाट. गुरं मोकळी, माणसं मोकळी. खाचरं भरली की मग मेरेवरून चालायचं. आता काय, रोपं भिंतीवरून फेकते. मालन झेलील."

"आई, मी काय क्रिकेट खेळते?"

मेर म्हणजे खाचराचा बांध. माझं आजोळ पूर्णगडचं. लहानपणी मीही मेरेवरूनच चालले आहे. मला माहीत असायला हवं होतं.

३ जुलै

ऑफिसात सरांना वाटेचं विचारलं. "सातबाऱ्यावर वाट आहे? नाही ना? मग नाही."

रोपं आज एकोणीस दिवसांची. अजून दहा दिवस. मग जून होतात, लावून उपयोग नाही. आजूबाजूची खाचरं विकली गेली. लावणी होणारं काकूंचं हे एकच उरलंय.

४ जुलै

आईने प्लॉट सातचा नकाशा पुन्हा मागितला. त्या नऊंतला आमचा प्लॉट. घराची ओटी कुठे येणार, त्यावर ती बोट ठेवून बघते. सत्तावीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलीत तिने.

५ जुलै

मालनने जुनी मेर दाखवली. दोन्ही टोकांचे बिंदू घेतले. निघताना काकूंनी टाकळ्याची जुडी हातात दिली. "कोवळा आहे, आजच कर."

ज्यांची वाट मी बंद केली, त्या भाजी देतात. याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

घरी येऊन मेर नकाशावर आखली. तीन वेळा आखली.

७ जुलै, सोमवार

मेर प्लॉट सातमधूनच जाते.

आईला सांगितलं. तिने नकाशा पुढे ओढला, ओटीवर बोट ठेवलं. मग — "ओटी वाटेच्या बाजूला घे. येताजाता काकू टेकतील जरा."

दुपारी पाठवलेला मेल, इथे उतरवून ठेवते:

सर, नकाशातली चूक माझी आहे. पावसाळी वाट प्लॉट सातमधून जाते. तो माझ्या नावावर आहे. त्यातली तीन मीटर रुंदीची पट्टी वाटेसाठी सोडते, तसं लिहून देते. वरच्या आणि खालच्या, दोन्ही भिंतींत तेवढी जागा मोकळी करायला परवानगी आहे का, ते गुरुवार, १० जुलैपर्यंत लेखी कळवावे.